आधी पंचनामा, निकाल नंतर

हल्ली दर दोन-चार दिवसांनी एखादा अनोळखी माणूस आपल्या फोनवर येतो. कोणीतरी लोकलमध्ये, मॉलमध्ये, एसटीत त्याचा गुपचूप व्हिडिओ काढलेला असतो, वीस-तीस सेकंदांचा, आणि खाली हजारभर लोकांनी ठरवून टाकलेलं असतं की ही बाई कसली आई आहे, या पोराला घरी काय शिकवलंय. मग त्याच गर्दीत कोणीतरी लिहितं, "अरे जज नका करू ना." त्याला लगेच उत्तर येतं, "का नको? डोळे आहेत, दिसतंय की." आणि गाडी तिथेच अडकते, कारण जज न करणं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी सांगतच नाही. डोळे मिटायचे? सगळ्यांना चांगलंच म्हणायचं? की गप्प बसायचं?

मी बालवाडीत शिकवते. आमच्या कामात मुलांकडे नुसतं बघणं हा कामाचाच भाग असतो, त्याची वही असते, ती तपासली जाते, आणि सुरुवातीला सगळ्यांच्याच वह्या चुकतात. म्हणून मला हा विषय फार जवळचा आहे आणि तो उपदेशाचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. ही शिकायची गोष्ट आहे, पोळी लाटण्यासारखी, हाताला वळण लागेपर्यंत नकाशेच होतात.

पंचनाम्यात काय लिहितात

अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की बातम्यांत आपण ऐकतो, पंचनामे सुरू झाले. म्हणजे तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक अशी मंडळी बांधावर येतात आणि लिहितात: गट नंबर अमुक, पीक कांदा, एवढ्या क्षेत्रातलं एवढं गेलं. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर सरकारी मदतीत बसतं, पण ते त्या कागदावरून पुढे ठरतं. पंचनाम्यात "शेतकरी आळशी वाटला, चर आधीच खणायला हवा होता" असं कोणी लिहीत नाही, लिहिलंच तर तो पंचनामा राहत नाही.

पोलिसांचा पंचनामाही तसाच. दाराची कडी तुटलेली, कपाटाचा डावा दरवाजा उघडा, पलंगापासून दोन फुटांवर बांगडीचे तुकडे. पंच खाली सही करतात ती एवढ्यासाठीच, की हे आमच्यासमोर असं होतं. चोर कोण हे पंच सांगत नाहीत. पुढे कोर्टातही साक्षीदाराने जे स्वतः पाहिलं ते सांगायचं असतं, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. "तो माणूस मला तसलाच वाटतो" याला तिथे साधारणपणे किंमत नसते, मतच द्यायचं तर त्या विषयातला तज्ज्ञ लागतो.

बोलताना मात्र आपण उलटं करून ठेवलंय. "काल त्याचा चांगलाच पंचनामा केला" म्हणजे त्याची चिरफाड केली. खरा पंचनामा बरोब्बर याच्या विरुद्ध असतो, आणि या लेखात मी तो शब्द खऱ्या अर्थानेच वापरतेय. निकाल न देता बघणं म्हणजे माझ्या दृष्टीने एवढंच, की माणसासमोर उभं राहताना आपण आधी पंच असायचं. न्यायाधीशाची खुर्ची असेल तर असू दे, पण ती दुसऱ्या खोलीत.

निळा ठोकळा

ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात आम्हाला एका मुलाकडे दहा मिनिटं बघून लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं, "हा मुलगा हट्टी आहे. घरी लाडावलेला वाटतो. त्याला वस्तू वाटून घेता येत नाहीत. एका मुलीशी उद्धटपणे वागला." मला वाटलं चांगलं झालंय, मुद्देसूद आहे. आमच्या बाईंनी पेन्सिल घेतली, हट्टी, लाडावलेला, उद्धट या तीन शब्दांखाली रेघा मारल्या आणि विचारलं, "अगं, हे तुला दिसलं कुठे? हट्टी त्याच्या अंगावर कुठे होतं ते दाखव ना मला." मी म्हटलं, त्याने ठोकळा हिसकावला. त्या म्हणाल्या, "मग तेवढंच लिही की."

दुसऱ्या दिवशी परत तोच मुलगा. यावेळी वही अशी होती: "१०.१० टोपलीजवळ बसला. लाल ठोकळे वेगळे काढतोय. सात झाले. १०.१३ एक मुलगी आली, लाल ठोकळा उचलला. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, ठोकळा धरला, ओढला. 'माझा' म्हणाला. तिने सोडला. १०.१४ त्याने टोपलीतून निळा ठोकळा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने घेतला नाही, गेली. १०.१५ ती गेली तिकडे बघत राहिला. निळा ठोकळा परत टोपलीत."

तो निळा ठोकळा मला अजून आठवतो. आदल्या दिवशीही असं काही घडलं असेल का, मला माहीत नाही, कारण "हट्टी" लिहून झाल्यावर मी बघणं थांबवलं होतं. पेन चालू होतं, डोळे उघडे होते, पण मला जे कळायचं ते कळून झालं होतं ना. निकालाचं खरं नुकसान मला इथे दिसतं. तो चुकीचाच असतो असं नाही, बरोबरही असेल, पण तो लागला की फाईल बंद होते.

आणि पुढची गोष्ट बाईंनी सांगितली ती तर फार कमी लोक सांगतात. मी खूश होऊन म्हटलं, म्हणजे मुलगा मनाने चांगला आहे! त्या म्हणाल्या, "आता ते पण लिहू नकोस."

म्हणजे गोड गोष्टही नको?

यावर थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याला ज्या गोष्टी फॉरवर्ड होऊन येतात त्या सगळ्या एकाच साच्याच्या असतात. बसमध्ये माणूस उद्धट वागला, सगळे चिडले, मग कळलं की तो नुकताच स्मशानातून आलाय, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. यातून आपण शिकतो काय, तर प्रत्येक वाईट वागण्यामागे एखादं लपलेलं दुःख असतं. पण नसलं तर? तो माणूस स्मशानातून वगैरे आलेला नसेल, साधा घरून जेवून निघालेला असेल, तर मग त्याला शिक्का मारायला मोकळे का आपण?

वाईट गोष्ट रचण्याच्या जागी चांगली गोष्ट रचली तरी रचलेलीच. पंचनाम्यात "चोर बिचारा उपाशी असावा" हेही लिहीत नाहीत. कोणाबद्दल कळवळा वाटणं चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, फक्त मला काय माहीत आहे आणि मी काय मनाने भरतेय यातली रेघ पुसली जाऊ नये. शंभरातल्या नव्वद वेळा खरं उत्तर "मला माहीत नाही" एवढंच असतं, आणि ते तसंच ठेवून चालता येतं.

डोकं असं का करतं

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक छोटीशी फिल्म बनवली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दरवाजा असलेला एक चौकोन, बस. आकार इकडेतिकडे सरकतात. ३४ विद्यार्थिनींना ती दाखवून विचारलं, काय झालं ते लिहा. त्यातल्या एकीनेच भूमितीच्या भाषेत लिहिलं, त्रिकोण असा सरकला, वर्तुळ तसं. बाकीच्यांना मारामारी दिसली, दादागिरी दिसली, पाठलाग, प्रेम, सगळं दिसलं. कागदाच्या त्रिकोणावर आपण स्वभाव चिकटवतो, मग शेजारच्या सीटवर बसलेल्या जिवंत माणसावर न चिकटवणं किती अवघड असेल.

शिवाय वेग बघा. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे दाखवले आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का, हुशार वाटतो का. तेवढ्यातही लोकांची मतं झाली होती. जास्त वेळ दिल्यावर मतं फारशी बदलली नाहीत, खात्री तेवढी वाढली. मला हे वाचून धक्का बसला होता, कारण आपण म्हणतो ना, नीट निरखून बघितलंय मी त्याला, त्या निरखण्यात बऱ्याचदा पहिलं मतच पक्कं होत असतं.

त्यामुळे ज्यांना वाटतं की आपल्या मनात असे विचार येतात म्हणजे आपण वाईट आहोत, त्यांनी तो भार सोडून द्यावा. पहिला विचार शिंकेसारखा असतो, येतो तो येतोच. त्याच्यावर सही करायची का नाही हा नंतरचा प्रश्न, आणि तेवढाच आपल्या हातात आहे.

स्वभावाच्या नावाने पावती

रिक्षावाला "नाही येत" म्हणाला की आपण म्हणतो माजलाय. आपण कोणाला नाही म्हटलं तर? दमले होते, उशीर झाला होता, डोकं दुखत होतं. दुसऱ्याने उशिरा रिप्लाय दिला तर त्याला कदर नाही, मी उशिरा दिला तर कामात होते. म्हणजे दुसऱ्याच्या वागण्याची पावती आपण त्याच्या स्वभावाच्या नावाने फाडतो आणि परिस्थितीला फुकटात सोडून देतो. या सवयीला मानसशास्त्रात फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर म्हणतात, ली रॉस यांनी १९७७ मध्ये हे नाव दिलं. हा जड शब्द एकदाच वापरला, पुढे मी पावतीच म्हणेन.

याचा गाजलेला प्रयोग त्याच्या दहा वर्षं आधीचा, १९६७ चा, एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांचा. लोकांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. आणि काहींना स्पष्ट सांगितलं की कुठल्या बाजूने लिहायचं हे लिहिणाऱ्याने निवडलेलं नाही, त्याला तसं लिहायला सांगितलं होतं. तरीसुद्धा वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार त्याच बाजूचा असणार. खरं कारण हातात ठेवलं होतं, सांगितलं होतं, तरी पावती माणसाच्याच नावाने.

आता हे कॉल सेंटरवर बोलणाऱ्या मुलीला लावून बघा. तिच्यापुढे लिहून दिलेली वाक्यं असतात, ती तेच बोलते, आणि फोन ठेवल्यावर आपण म्हणतो, किती निर्लज्ज होती.

घाईत असलेले धर्मशिक्षणाचे विद्यार्थी

१९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा एक प्रयोग छापून आला. प्रिन्स्टनच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजातले ४० विद्यार्थी, पुढे धर्मगुरू होणारे. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं, त्यातल्या काहींचा विषय तर बायबलमधली दयाळू शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता, तो प्रयोगाचाच भाग.

फरक फक्त घाईचा केला. काहींना सांगितलं उशीर झालाय, लोक वाट बघतायत, काहींना सांगितलं वेळेत पोचाल, काहींना भरपूर वेळ आहे. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांनी काहीतरी मदत केली, मधल्यांपैकी ४५ टक्के, आणि घाईतल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कुठला होता याने फारसा फरक पडला नाही. दयेवर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले. ४० जणांचा एकच प्रयोग आहे, त्यामुळे टक्के दगडावरची रेघ धरू नयेत, पण दिशा कळते.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की आपण त्या गल्लीत उभे असतो तर आपल्याला घड्याळ दिसलं नसतं. दिसला असता एक कण्हणारा माणूस आणि त्याला ओलांडणारा धर्मशास्त्राचा विद्यार्थी. आपण संध्याकाळी घरी येऊन सांगितलं असतं, बघा, असले हे लोक. बघणाऱ्याला वागणं दिसतं, घाई दिसत नाही. पगार थकलेला दिसत नाही, रात्रीची झोप दिसत नाही, साहेबांनी सकाळी काय सुनावलं ते दिसत नाही. मी हे कोणाला सोडवण्यासाठी म्हणत नाहीये, मदत झाली नाही ती झालीच नाही. पण पंचनाम्यात "दिसलं नाही" अशी एक जागा मोकळी सोडावी लागते, ती आपण कधीच सोडत नाही.

हे सगळं अमेरिकेतलं झालं, आपल्याकडे कुठे असतं?

हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला छान उत्तर आहे. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोचे लोक आणि मैसूरचे लोक यांची तुलना केली. ओळखीच्या माणसांनी केलेल्या चांगल्या-वाईट गोष्टी सांगा आणि का केल्या असतील ते सांगा, एवढंच. शिकागोची मोठी माणसं स्वभावाकडे जास्त जायची, मैसूरची मोठी माणसं परिस्थितीकडे, नात्याकडे, जबाबदारीकडे. एक किस्सा असा होता: एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात चाललाय, मागचं चाक फुटतं, मागे बसलेला पडतो, डोक्याला लागतं. वकील त्याला दवाखान्यात पोचवतो आणि आपल्या कामाला कोर्टात निघून जातो. अमेरिकेत उत्तरं साधारण अशी की माणूस बेजबाबदार होता, स्वतःचंच बघणारा होता. मैसूरमध्ये, त्याला कोर्टात जाणं भाग होतं, किंवा लागलेलं किती आहे हे त्याला तेव्हा कळलं नसेल.

आणि लहान मुलांत, आठ वर्षांच्या, दोन्ही देशांत असा फरक जवळजवळ नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे पावती कोणाच्या नावाने फाडायची हे आपण आजूबाजूच्या मोठ्यांचं बोलणं ऐकत ऐकत शिकतो. शिकलेली गोष्ट बदलताही येते, यात मला फार दिलासा वाटतो.

पण म्हणून आपण सुटलो असं नाही. "वेळ वाईट होती त्याची", "घरची परिस्थितीच तशी" हे आपल्या तोंडात असतं खरं, पण ते कोणासाठी? आपल्या मुलासाठी, आपल्या भावासाठी, आपल्या गावच्या माणसासाठी. सुनेसाठी? कामवाल्या मावशींच्या नवऱ्यासाठी? दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसासाठी? तिथे एका फटक्यात "त्यांच्यात असंच असतं." आपल्या माणसाला परिस्थिती आणि परक्याला स्वभाव, हे आपलं गणित आहे, आणि यात एका माणसाच्या नावची पावती अख्ख्या समाजाला पाठवली जाते.

कोसबाडच्या टेकडीवर

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं, आत्ताच्या पालघर जिल्ह्यात. आजूबाजूला वारली आणि इतर आदिवासी पाडे. आदिवासी मुलं शाळेत टिकत नाहीत, त्यांना शिक्षणाची आवडच नाही, आईबापांना किंमत नाही, असं तेव्हाही बोललं जायचं आणि खोटं कशाला बोला, आजही बोललं जातं.

आता याचा पंचनामा केला तर काय निघतं? मुलगा सकाळी गुरं घेऊन कुरणात जातो. मुलीच्या कडेवर धाकटं भावंड असतं. आईबाप मजुरीला. यात आवड-नावड हा शब्द कुठे येतच नाही. मग ताराबाई-अनुताईंनी जे केलं ते या दिसलेल्या गोष्टींतून निघालं: गुरं चरतात तिथेच शाळा, तिचं नाव कुरणशाळा. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी शाळेजवळच पाळणाघर. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा. मुलं बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, अंगणवाडी. आज तो शब्द आपल्याला सरकारी योजनेमुळे माहीत आहे, पण विचार या बायकांनी बोर्डीला रुजवला होता.

"मुलं आळशी आहेत" या निकालातून पुढे काय करता येतं सांगा? दटावणं, नाहीतर सोडून देणं. "मुलगा सकाळी सातला गुरं घेऊन जातो" यातून मात्र शाळा निघते. म्हणून मला ही नुसती चांगुलपणाची गोष्ट वाटत नाही, काम होण्याची गोष्ट वाटते.

मग चुकीला चूक म्हणायचंच नाही?

म्हणायचं. हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि लोक तो रागाने विचारतात, कारण त्यांना वाटतं की "जज करू नका" हे बहुतेक वेळा त्रास देणाऱ्याला वाचवायलाच वापरलं जातं. आणि वापरलं जातंच, बायकांना तर फार ऐकवतात.

पण बघा, शेजारच्या घरातून रोज मारहाणीचा आवाज येतोय. एक जण म्हणतो "तो माणूस राक्षस आहे" आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. दुसरी लिहून ठेवते, मंगळवारी रात्री साडेअकराला बाईचा ओरडण्याचा आवाज, भांडं आपटल्याचा आवाज, बुधवारी तिच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं, आणि १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन करून तेच सांगते. तक्रार कोणाची टिकेल? निकाल न देता बघणारी माणसं गुळमुळीत नसतात. तारीख, वेळ, काय पाहिलं, काय ऐकलं हे सांगता येणारी माणसंच अन्यायाविरुद्ध उभी राहू शकतात. आणि कोणी मार खात असेल तर आधी मदत, वही नंतर, हे वेगळं सांगायला नको.

"हे कृत्य चुकीचं आहे" हे वागण्याबद्दल झालं, "हा माणूसच तसला" हे माणसाबद्दल. पहिलं बोलावंच लागतं. दुसरं बोललं नाही तर पहिल्याचं काही अडत नाही.

निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात ना?

म्हणतात, आणि म्हण खरी आहे. पण ती ऐकणाऱ्यासाठी आहे. कोणी नाव ठेवलं तर त्यातून मी काय सुधारू, असा तिचा सूर. मी उठून कोणाचा तरी शेजारी निंदक होऊन बसावं असं ती सांगत नाही.

उलट आपल्या परंपरेत याच्याबद्दल फार सुंदर सांगितलंय. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत अपैशुन हा एक गुण येतो, म्हणजे दुसऱ्याचे दोष उकरत न बसणं. त्यावर ज्ञानेश्वर दाखले देतात तो चिखलात रुतलेल्या गायीचा, की तिला बघून कासावीस झालेला माणूस ती दुभती आहे का भाकड हे बघत नाही, आणि बुडणाऱ्याचा, की त्याला काढणारा आधी जात विचारत नाही. सातशे वर्षांपूर्वीचं आहे हे. इथे बघण्याआधीच ज्या गोष्टी ठरवायची आपल्याला सवय असते, उपयोगाचा आहे का, कोणातला आहे, त्या बाजूला काढल्यात आणि उरलंय फक्त रुतलेलं, बुडणारं.

साक्षीभाव म्हणजे थंडपणा नाही का?

साक्षीभाव म्हणजे जे होतंय ते साक्षीदारासारखं नुसतं बघत राहणं. विपश्यनेला जाऊन आलेली मंडळी हा शब्द वापरतात, इगतपुरीला दहा दिवस बसून आलेल्यांकडून तुम्हीही ऐकला असेल. तिथे तो स्वतःच्या शरीरातल्या संवेदनांसाठी असतो. दुसऱ्यांकडे बघताना तो कोरडेपणा होईल ही भीती मला समजते, पण अनुभव उलटा आहे. दहा मिनिटं एखाद्या मुलाकडे नीट बघितलं की त्याच्याबद्दल आपोआप काहीतरी वाटायला लागतं, नखं कशी वाढलीत, पाणी पिताना डोळे मिटतो, हे दिसतं. शिक्का मारलेल्या मुलाबद्दल असं काही वाटत नाही.

एक मात्र आहे. बघणं म्हणजे टक लावणं नव्हे आणि कॅमेरा रोखणं तर नव्हेच. समोरच्याला अवघडवून केलेलं निरीक्षण म्हणजे त्रास देणंच झालं, मग मनात निकाल असो वा नसो.

करायचं कसं

माझी पद्धत साधी आहे. वहीच्या पानाला मधोमध रेघ. डावीकडे दिसलं, ऐकू आलं ते. उजवीकडे मला वाटलं ते. उजवी बाजू रिकामी ठेवायची नाही, तिथे राग, किळस, "काय बाई आहे ही" सगळं लिहायचं, कारण न लिहिलेला निकाल गुपचूप डावीकडे शिरतो.

डावीकडे विशेषण आलं की थांबायचं. पसारा हे मत आहे, जमिनीवर तीन कपडे हे दिसणं. "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द तर बहुतेक वेळा उजवीकडचेच, मोजून बघा. घरी भांडण झालं की मी हे करते, "तू कधीच मदत करत नाहीस" म्हणायच्या आधी आठवते, या आठवड्यात किती वेळा? सोमवार आणि गुरुवार भांडी पडून होती. मग "सोमवारी आणि गुरुवारी भांडी पडून होती" एवढंच म्हणते, आणि त्यावर निदान बोलणं तरी होतं. कौतुकाचंही तेच. "हुशार" हा गोड शिक्काच आहे, "आज तू सगळे ठोकळे आकाराने लावलेस" यात मुलाला कळतं की आपल्याला कोणीतरी खरंच बघितलंय.

कोणी म्हणेल एवढा वेळ कोणाला आहे. दिवसातून एकदा, एका माणसाकडे, दोन मिनिटं. वही नसली तरी बसच्या रांगेत मनातल्या मनात जमतं.

कालचं पान तसंच लिहून देते. डावीकडे: "सकाळी ७.४०. खालच्या मजल्यावरच्या काकू. कचऱ्याची बादली जिन्यात ठेवली, झाकण नाही. पाणी गळतंय. वर बघितलं, मी दिसले. काही बोलल्या नाहीत. उजवा हात कठड्यावर, एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवून उतरल्या. बादली तिथेच." उजवीकडे: "राग. परत तेच. आपणच का पुसायचं."

मी फडकं घेऊन पुसलं, अंगणवाडीच्या सेविकेचा फोन आला म्हणून वही तिथेच मिटली. संध्याकाळी काकूंची बेल वाजवून बादलीचं सांगायचंय.